भूषणने कापलेला बोर्ड

९ जून

निशा उद्या नागपूरला परत जाणार. जाण्याआधी तिला भूषणचं टेबल आवरून हवं होतं. म्हणाली, आई, तू रोज त्या खोलीच्या दारात नुसती उभी राहतेस, हे चांगलं नाही. डॉक्टरांनी तुला लिहायला सांगितलंय, ते तरी कर. म्हणून ही डायरी. स्टील प्लांटमध्ये नोकरीत होते तेव्हा शिफ्टची नोंद लिहायचे, कोणती मोटर जळून आली, कोणती नवी तार भरून परत गेली. त्यापलीकडे लिहायची सवय नाही.

शिमग्याच्या आधी भूषण गेला. हायवेवर, चरोद्याच्या अलीकडे, ट्रकखाली. एकतीस वर्षांचा होता. घरून निघताना म्हणाला होता, पावर हाउसला जाऊन येतो, एक पार्ट आणायचा आहे. पावर हाउसचा बाजार आमच्या कॅम्प-१ वस्तीपासून चालत जाण्यासारखा. तो चरोद्याच्या रस्त्यावर काय करत होता ते मला अजून कळलेलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.

टेबलावर सगळा पसारा तसाच होता. टीव्हीला लावायचा तो पांढरा गेम उघडून पडलेला, आणि मधोमध एक हिरवी पाटी, तळहाताएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेली. निशाने ती कबाडीच्या पिशवीत टाकायला उचलली, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ते नका टाकू." राजदीप उभा होता. एवढ्या मोठ्याने बोलल्याची त्याची त्यालाच लाज वाटली. भूषणचा दुर्गच्या पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहतो, लोको शेडमध्ये आहे. घरचे लोक मूळचे गोंदियाकडचे, त्यामुळे बोलणं आपल्यासारखंच. तेराव्यापर्यंत रोज येत होता. पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं, पंगतीत वाढणं, सगळं त्याने केलं. मग एकदम यायचा बंद झाला.

निशा त्याला पाहून आत चहा करायला गेली ती बाहेरच आली नाही.

राजदीपने समजावलं. हा त्या गेमचा मुख्य बोर्ड. भूषणने बाहेरचा सगळा भाग कापून फक्त मधला ठेवला, जिथे डोकं आणि आठवण असते. त्याला बॅटरी, छोटा स्क्रीन आणि बटणं जोडून एका डब्यात घातलं की हातात धरून खेळता येतो. कापताना बोर्डाच्या आतले तांब्याचे थर एकमेकांना चिकटले की संपलं. भूषणचे पहिले दोन बोर्ड तसेच मेले. तिसऱ्याच्या कडा तो चार दिवस पॉलिश पेपरने घासत होता, आणि तो पेटला.

मी म्हटलं, तुला बरीच माहिती आहे.

म्हणाला, फोनवर सांगायचा.

१६ जून

मी राजदीपला फोन करून म्हटलं, आपण हे पुरं करू. त्याने दोनदा विचारलं, खरंच? 

मला गेमातलं काही कळत नाही. पण भूषणचे बाबा, कृष्णराव, गेल्यावर त्यांच्या जागी प्लांटने मला नोकरी दिली ती मोटर वाइंडिंगची, आणि निवृत्त होईपर्यंत मी केसासारखी तांब्याची तार हाताळली. बोर्डाला लावायच्या तारा तशाच आहेत, वरून वार्निश असलेल्या. टोक खरवडायचं, कथिल चढवायचं, जोडायचं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी भिंगाखाली दिसतं. राजदीप फोनवर व्हिडिओ लावतो, थांबवतो, मला जागा दाखवतो. एकदा त्याने चुकीची जागा दाखवली, एकदा मी बरोबर जागी चुकीची तार लावली. दोघंही शिकाऊच.

आज दोन तारा लागल्या. भूषणच्या खोलीत दुपारभर पंखा चालला, माणसं बसली. रात्रीला मी दोन पोळ्या खाल्ल्या.

३० जून

राजदीप रविवारी येतो. सकाळची ड्यूटी असली तर दोनपर्यंत, नसली तर जेवायच्या आधी. आज मी देवपूजेला बसले होते, तर त्याने स्वतःच चहा ठेवला. चहापत्तीचा डबा वरच्या फळीवर पिठाच्या मागे असतो, तो त्याला विचारावा लागला नाही. मी ड्यूटीवर असताना पोरं घरी येऊन चहा करत असतील. बोलला असता भूषण तर काही करून ठेवलं असतं खायला.

चार प्रकारचे व्होल्टेज लागतात त्या बोर्डाला, सगळे एकाहून एक बारीक. त्यासाठी चार छोट्या प्लेटा भूषणने आणून ठेवल्या होत्या. एक आज बसली.

जेवल्यावर राजदीपला झोप आली, रात्रपाळी झाली होती. म्हटलं, भूषणच्या पलंगावर पड. पडला. मी नंतर पाहायला गेले तर एवढा मोठा माणूस भिंतीला चिकटून झोपलेला, आणि अर्धा पलंग मोकळा.

१४ जुलै

डबा मिळाला. भूषणने तो रायपूरला एकाकडे थ्रीडी प्रिंटवर करायला दिला होता आणि मधल्या काळात तो माणूस आम्हाला शोधत होता. काळा, दोन भागांचा, आत स्क्रूसाठी दांड्या, पंख्यासाठी जाळी. सगळं भूषणने कंप्युटरवर काढलेलं.

एक चूक सापडली. भूषणचे हात माझ्यासारखे, लहान. शाळेत ग्लव्ह मोठा होतो म्हणून क्रिकेट सोडलं होतं त्याने. डबा धरून पाहिला तर माझा अंगठा बटणाच्या भोकापर्यंत पोहोचत नाही. त्याचाही पोहोचला नसता. राजदीपने धरला तर त्याच्या हातात अगदी बसला. मी म्हटलं, माप घेताना चुकला बघ पोरगा, कोणाचं माप घेतलं कोण जाणे.

राजदीप डबा खाली ठेवून खिडकीकडे गेला. खिडकीची कडी अडकते, ती त्याने खालून धक्का देऊन उघडली, जशी उघडावी लागते तशी.

२८ जुलै

शेजारची शकुबाई म्हणाली, हिरा, तो रेल्वेवाला पोरगा दर इतवारी येते, घरावर डोळा नाही ना त्याचा? मी म्हटलं, घरात आहे काय, एक म्हातारी अन् प्लांटातल्या चार मोटरींचे फोटो. रात्री निशाचा फोन. तिलाही तेच. "आई, राजदीप कावून येते अजून?" मी म्हटलं, तुझ्या भावाचं काम पुरं करायला. ती म्हणाली, त्याले तरास होत असंल. मी म्हटलं, तरास असता तर आला असता का? 

राजदीप आज करड्या रंगाचा शर्ट घालून आला होता. तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं. करडा दोरा संपला होता म्हणून दिवाळीत मीच लावलं होतं ते, भूषणच्या शर्टाला. मला राग नाही आला. पोरं एकमेकांचे कपडे घालतातच. पण काम करताना माझं लक्ष सारखं त्या बटणावर जात होतं आणि एक सांधा कच्चा राहिला.

११ ऑगस्ट

आज एकही तार लागली नाही. तो म्हणाला सोल्डरिंगची पेस्ट संपली. पेस्टची डबी मी सकाळीच पाहिली होती, अर्धी भरलेली.  मलाही डोळा दुखत नव्हता तरी मी म्हटलं, बरं झालं, आज डोळा दुखतोय. मग आम्ही पोहे खाल्ले आणि तो भूषणच्या गोष्टी सांगत बसला. भूषण थंडीत नाकाला रुमाल बांधून झोपायचा हे त्याला ठाऊक होतं.

२५ ऑगस्ट

राजदीपची आई आली होती. अन्नपूर्णाबाई. चरोद्याहून ऑटोने, केळ्यांची फणी घेऊन. तेराव्याला पाहिलं होतं, बोलणं झालं नव्हतं. चांगली बाई. बसली आणि रडायलाच लागली. राजदीपला सहा-सात वर्षांत किती स्थळं आली, प्रत्येकीला नाही म्हणतो. कारण सांगत नाही. भूषण गेल्यापासून तर घरात जेवायलाही बसत नाही. आता डोंगरगडची एक मुलगी आहे, दिपाली, शाळेत शिकवते, घरचे लोक साधे. "ताई, तो मायं नाही ऐकत. तुमचं ऐकंल. इतवारची वाट पायते तो."

एका आईने दुसरीपुढे पदर पसरला. मी कसं नाही म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला मोठेपणा वाटला. माझ्या पोराचं लग्न मला पाहायला मिळालं नाही. याचं तरी होऊ दे.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती.

दुपारी राजदीप बटणांच्या तारा लावत होता तेव्हा मी विषय काढला. किती दिवस एकटा राहशील, आईचं वय झालं, पोरगी चांगली आहे, असं सगळं जे बोलतात ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, तुमालेबी असंच वाटते?"

मी म्हटलं, "भूषण असता तर तुया वरातीत तोच पयले नाचला असता."

त्याने हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडमध्ये ठेवलं. बटण बंद केलं. वायर गुंडाळून ठेवली, नीट, जशी भूषण ठेवायचा. मग म्हणाला, "मंग ठीक आहे. आईले सांगा हो म्हणून."

इतक्या लवकर मानेल असं मला वाटलं नव्हतं. तो हात धुवायला मोरीत गेला आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मी बाहेरून ओरडले, टाकी रिकामी होईल बापा. आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, पेस्टचा धूर गेला.

अन्नपूर्णाबाईला फोन केला. ती फोनवरच हसत-रडत होती. मी देवाला साखर ठेवली.

५ सप्टेंबर

निशाला सांगितलं. वाटलं खूश होईल. ती अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "तू त्याले कावून म्हटलं आई? दुसऱ्या कोणीबी म्हटलं असतं. तू नव्हतं म्हणायले पायजे."

मी विचारलं, का? काय झालं? तर म्हणे, काही नाही. जावई घरी आले होते वाटतं. शेवटी एवढंच म्हणाली की भूषणनं मले शपथ घातली होती, बाबा गेल्यापासून आईनं लय सोसलं, तिले आता काही सांगू नको. कसली शपथ, काय सांगू नको? फोन ठेवला तिने.

भूषणला व्यसन तर नव्हतं काही? कर्ज? मी त्याच्या सगळ्या पँटींचे खिसे पुन्हा तपासले. जुनी लोकलची तिकिटं निघाली, पावर हाउस ते चरोदा. पुष्कळ.

२२ सप्टेंबर

पेटला.

लग्नाची सुपारी फुटल्यापासून राजदीप घाईत आहे. मागचा रविवार आणि आज, दिवसभर बसून त्याने सगळं संपवलं. मला वाटलं होतं दिवाळीपर्यंत पुरेल. बॅटरी जोडली, पंखा घरघरला, आणि स्क्रीनवर आधी काळं, मग निळसर, मग चित्र. आवाज पण आला, बारीक, गोड. डबा हातात कोमट लागतो. मी पुन्हा पुन्हा तळहात लावून पाहत होते. जी पाटी निशा कबाडीत टाकणार होती ती माझ्या पोराने कापलेली, घासलेली पाटी जिवंत झाली होती. मी राजदीपच्या पाठीवर थाप मारली. तो रडत होता. मीही रडले. आम्ही दोघं अगदी वेड्यासारखे रडलो आणि त्यातच हसलो.

मग त्याने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, "काकू, त्या दिवशी मीच त्याले बोलावलं होतं."

मी म्हटलं, कुठं?

"आमच्या घरी. आई-बाबा लग्नाले गोंदियाले गेले होते. घर खाली होतं. मी फोन करून म्हटलं, ये. तो म्हणे आईले काय सांगू? मी म्हटलं, काही बी सांग."

म्हणजे पार्ट आणायचा नव्हता, मी विचारलं. तो म्हणाला, नाही.

मी त्याला चहा दिला. मरण कोणाच्या बोलावण्याने येत नाही असंही म्हटलं. तो गेला. मग मी त्याचा कप उचलला आणि मोरीत आपटला.

२९ सप्टेंबर

राजदीप आला होता. मी दाराची साखळी काढली नाही. आतून सांगितलं, बरं नाही. तो पायरीवर थोडा वेळ बसून गेला. शकुबाई म्हणे त्याच्या हातात पिशवी होती.

त्याने फोन केला नसता तर. गप्पा मारायला, टाइमपास करायला माझ्या पोराला हायवेवर आणलं. आणि चार महिने माझ्या घरी येऊन माझ्या हातचं जेवला. मी यंत्र ड्रॉवरमध्ये कोंबलं. नीट बसत नव्हतं, दाबून बंद केलं.

२ ऑक्टोबर

माझ्या हातून झालं.

सुट्टीचा दिवस, बाहेर सगळं शांत. मला वाटलं, काय होतं या खेळात एवढं, पाहू तरी. ड्रॉवरमधून काढलं आणि लावलं. एका खेळात गोळा घरंगळत सोडून बाटल्या पाडायच्या. अंगठा पोहोचत नाही म्हणून मी डबा मांडीवर ठेवून बोटाने दाबत होते. दोनदा एकही बाटली पडली नाही, मग एकदा सगळ्या पडल्या आणि मला हसू आलं. हसताना वास आला. जळल्या वार्निशचा वास मी झोपेतही ओळखीन, सगळी नोकरी त्या वासात गेली. पण हात हलायला वेळ लागला. स्क्रीनवर हिरव्या रेघा उठल्या, मग काळं.

पंख्याची तार तुटलेली होती. मी ड्रॉवरमध्ये कोंबलं तेव्हा तुटली. पंख्याचा आवाज नाही हेही माझ्या कानाला कळलं नाही. राजदीपने दहादा बजावलं होतं, पंखा फिरतो का ते आधी पाहा.

सगळे व्होल्टेज मीटरने पाहिले. येतात. बोर्डच मेला आहे. भूषणच्या हातचं शेवटचं काम मी जाळलं.

६ ऑक्टोबर

आज रविवार. तो आला नाही. मीही फोन केला नाही.

घर खाली होतं. ये. त्याचं बोलणं एवढंच होतं. सकाळपासून तेच कानात आहे.

कृष्णराव नवे नवे प्लांटला लागले तेव्हाची गोष्ट. सासूबाई तुमसरला गेल्या की हे कोणाशी तरी ड्यूटी बदलून भर दुपारी घरी यायचे. मित्राला सांगायचे, दात दुखतो. प्लांटच्या गेटपासून कॅम्पाच्या रस्त्याने सायकल हाणत यायचे, घामाने भिजलेले, आणि दारातूनच हसायचे. मी म्हणायची, कोणी पाहिलं तर? एकदा खरंच ट्रकच्या अगदी जवळून आले होते आणि मी भांडले होते त्यांच्याशी.

हे मला आज का आठवलं ते मी लिहीत नाही.

भूषण त्या दिवशी आरशासमोर दोनदा गेला होता. मी म्हटलंही होतं, पार्ट आणायला चाललास की वरात घेऊन?

आणि मी त्या पोराला म्हटलं, भूषण तुझ्या वरातीत नाचला असता. त्याच्या तोंडावर म्हटलं. भूषणच्या खोलीत बसून.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळी ऑटोने चरोद्याला गेले. बोललेलं मागे घ्यायला. राजदीपने माझ्या शब्दासाठी मान तुकवली आहे, दिवाळीनंतर साखरपुडा. दिपालीचाही विचार येत होता. कोणाची तरी लेक आहे.

रस्त्यात ती जागा लागते. मी डोळे मिटले नाहीत या वेळी.

अन्नपूर्णाबाईने दार उघडलं आणि मला आत ये म्हणाली नाही. तिच्याकडूनच कळलं. राजदीप नवरात्रात स्वतः डोंगरगडला गेला आणि मुलीला, तिच्या वडिलांसमोर, सांगून आला की माझ्याकडून हे होणार नाही, तुमची चूक नाही, माझ्या मनात एक माणूस होतं आणि ते गेलं. कोण ते त्याने तिथे सांगितलं नाही. घरी सांगितलं. तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नाहीत. तो शेडजवळ एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहतो.

मी म्हटलं, बाई, मी त्याला नको ते बोलले, ते परत घ्यायला आले होते.  ती म्हणाली, "तुमचा तर गेला. आता माया बी नेता का?"

 तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. परवापर्यंत मी तिच्याच जागी होते. मी पायरी उतरले. मागून तिने विचारलं, जेवते का तो, तुमच्याकडे येते तवा? मी म्हटलं, आता येत नाही. तिने दार लावलं, पण हळू लावलं.

१४ ऑक्टोबर

शेडच्या गेटवर उभी राहिले. शिफ्ट सुटली, माणसं निघाली. राजदीपने मला पाहिलं आणि सायकल धरून तसाच थांबला. वाळला आहे.

सगळ्यात आधी बोर्डाचं सांगितलं, कारण तेच सांगायला सोपं होतं. मला वाटलं कोसळेल. तो म्हणाला, "चालला ना काकू एकदा. तो म्हणे, एकदा चालला तरी पुरे."

मग मी म्हटलं, मी लग्नाचं बोलले ते चुकलं. म्हणाला, तुम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत नव्हतं हे खरं. पण दिसत होतं.

 त्याने बदली मागितली आहे. बिलासपूर, या महिन्याच्या शेवटी. मी थांब म्हणाले नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? एवढंच म्हटलं की जायच्या आधी घरी ये. जेवायला.

निशाला फोन केला. म्हटलं, तुझी शपथ सुटली, आता बोल. ती खूप रडली. भावाने सांगितलं तेव्हा ती त्याच्याशी वर्षभर नीट बोलली नव्हती म्हणे. नंतर बोलायला लागली. तेव्हा तो म्हणाला होता, आईला सांगीन एक दिवस, आई वाइंडिंगवाली आहे, तिला वेळ लागतो पण तार तुटू देत नाही. यावर मी काय लिहू? तार मीच तोडली.

२७ ऑक्टोबर

दिवाळी या आठवड्यात. आमच्याकडे वर्ष सुतकाचं, दिवा नाही, फराळ नाही. पण आज मी सकाळी आंघोळ करून पुरण शिजवलं.

काल सिविक सेंटरला जाऊन एक दुपट्टा आणला होता, पांढरा, जरीच्या बारीक काठाचा. दुकानदाराने विचारलं लग्नाचा का. मी म्हटलं, दुखवट्याचा. आपल्यात घरचं माणूस गेलं की सोयरे दुखवटा काढतात. नवं कापड अंगावर घालतात, गोड जेवू घालतात, मग त्याने पुन्हा चारचौघांत यायचं. भूषण गेला तेव्हा माझा दुखवटा माझ्या भावाने काढला, निशाचा तिच्या सासरच्यांनी काढला. याचा कोणी काढला नाही. हा तेराव्याला पंगतीत वाढत होता.

राजदीप बाराच्या सुमाराला आला, बॅग घेऊनच. संध्याकाळच्या गाडीने जायचं होतं. मी त्याला पाटावर बसवलं, पूर्वेला तोंड करून. तो म्हणाला, काय आहे काकू? मी काही न बोलता कुंकू लावलं आणि दुपट्टा त्याच्या खांद्यावर घातला. त्याच्याही लोकांत ही रीत आहे. त्याला कळलं. तो पाटावर बसल्या बसल्या वाकला आणि त्याचं डोकं माझ्या पायाला लागलं. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तेराव्याला एवढी माणसं होती, याच्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता.

मग ताट वाढलं. पुरणपोळी, वर तूप. पहिला घास तोंडाशी नेला आणि तेवढ्यात शकुबाई कणकेची चाळणी परत द्यायला दारात आली. दुपट्टा, पाट, ताट, सगळं तिने पाहिलं.

"हिरा, कोणाचा दुखवटा वो?"

मी म्हटलं, "याचा. याचं माणूस गेलं."

शकुबाई चाळणी हातात धरून उंबऱ्यातच थांबली. राजदीपचा हात ताटावर तसाच राहिला होता. मी तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, जेव बापा.